जुन्या किमती घड्याळाचे वय कसे ठरवावे?

मिलचा तागा हाती आला की आम्ही कापडवाले प्रथम त्याचे टोक उलगडतो. मिलचे नाव, लांबी आणि महिना-साल यांचा छाप तेथे असतो. माल किती दिवस गोदामात पडून होता हे त्यावरून कळते आणि भावाची बोलणी तेथूनच सुरू होतात. किमती मनगटी घड्याळाची गोष्ट निराळी आहे. कारखानदार घड्याळावर क्रमांक घालतो, पण साल उघडपणे क्वचितच लिहितो. आणि जुन्या घड्याळाच्या बाजारात तर सालावरच भाव ठरतो. एकाच नावाचे, एकाच धातूचे आणि दिसायला सारखे असे दोन नग दहा-पंधरा वर्षांच्या अंतराने बनलेले असले, तर त्यांच्या किमतीत मोठा फरक पडतो.

हा विषय केवळ शौकिनांचा आहे असे समजू नये. १९७० नंतर कोकणातील पुष्कळ माणसे नोकरीसाठी कुवेत, दुबई, मस्कत, सौदी अरब येथे गेली. त्यांच्याबरोबर सिको, ओमेगा आणि कोठे कोठे रोलेक्सही घरी आली. ती पिढी आता थकली आहे, काहीजण हयातही नाहीत. घड्याळ कपाटात पडून असते. वारसांत वाटणी करायची तर त्याची किंमत धरावी लागते, आणि किंमत धरायची तर वय माहीत हवे. दुसरीकडे, मुलाच्या लग्नात द्यायला किंवा स्वतःच्या हौसेने सेकंड-हँड घड्याळ घेणारेही वाढले आहेत. वय न कळता सौदा केला तर विकणाऱ्याचे हक्काचे पैसे बुडतात, नाहीतर घेणाऱ्याच्या गळ्यात खोटा माल पडतो. म्हणून वय कसे काढतात याची पद्धत येथे देत आहोत. मुख्य उदाहरण रोलेक्सचे घेतले आहे, कारण आमच्या लोकांत सर्वात जास्त विचारणा त्याचीच होते.

वय एक नव्हे, चार

घड्याळाचे वय म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. प्रत्येक जुन्या घड्याळाला चार तारखा असतात. केस व मशीन बनल्याची एक, सगळे जुळवून घड्याळ कारखान्यातून निघाल्याची दुसरी, दुकानातून गिऱ्हाइकाच्या हाती पडल्याची तिसरी आणि दुरुस्तीत भाग बदलल्याची चौथी. पहिल्या तीन तारखांत काही महिन्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंत अंतर असू शकते. दुकानात नग पडून राहणे हे कापडात होते तसे घड्याळातही होते. चौथी तारीख मात्र कधीचीही असू शकते. १९६५ च्या घड्याळाला १९९० ची डायल आणि २००५ ची काच बसलेली सापडते.

म्हणून एका खुणेवर विसंबून साल सांगणारा माणूस एकतर घाईत आहे किंवा त्याला काही लपवायचे आहे. जितके भाग तितके साक्षीदार असे समजावे. सर्वांची साक्ष जुळली तर वय खरे.

पहिला साक्षीदार : क्रमांक

रोलेक्सचा क्रमांक पाहायचा तर चेन काढावी लागते. केसला जे चार कान असतात, त्यांतल्या सहाच्या बाजूच्या दोन कानांमध्ये नगाचा स्वतःचा क्रमांक कोरलेला असतो. बाराच्या बाजूच्या दोन कानांमध्ये मॉडेलचा क्रमांक असतो. २००५ च्या सुमारास कंपनीने नगाचा क्रमांक काचेच्या आतल्या कड्यावर, सहाच्या अंकाजवळ कोरण्यास सुरुवात केली आणि पुढे काही वर्षांत कानांमधला क्रमांक बंद झाला. तेव्हा अलीकडच्या घड्याळात तो चेन न काढताही वाचता येतो.

क्रमांकावरून साल सांगणारे तक्ते प्रचलित आहेत. हे तक्ते रोलेक्सने प्रसिद्ध केलेले नाहीत. जुन्या बिलांवरून आणि हाताखालून गेलेल्या नगांवरून व्यापाऱ्यांनी व संग्राहकांनी ते जुळवले आहेत. त्यामुळे एक-दोन वर्षे मागेपुढे धरावीच लागतात.

ढोबळ हिशेब असा. १० लाखांचा क्रमांक १९६४ च्या आसपासचा, २५ लाखांचा १९७० च्या, ४० लाखांचा १९७५ च्या, ६० लाखांचा १९८० च्या आणि ८५ लाखांचा १९८५ च्या आसपासचा. १९८७ मध्ये आकडे एक कोटीच्या उंबरठ्याशी पोचले, तेव्हा कंपनीने क्रमांकाआधी एक इंग्रजी अक्षर घालण्यास सुरुवात केली. पहिली अक्षरे आर, एल, ई, एक्स अशी आली, म्हणजे कंपनीचेच नाव. फक्त ओ गाळला, कारण तो शून्यासारखा दिसतो. आर १९८७ चा, ई १९९० चा, एक्स १९९१ चा. त्यानंतर सी १९९२, एस १९९३, डब्ल्यू १९९५, टी १९९६, यू १९९७, ए १९९९, पी २०००, वाय २००२, एफ २००३, डी २००५, झेड २००६, एम २००७, व्ही २००८ आणि जी २०१० च्या सुमारास. त्यानंतर अक्षरे व आकडे यांची सरमिसळ केलेले क्रमांक आले. त्यांत कोणताही क्रम नाही. अशा घड्याळाचे साल क्रमांकावरून निघत नाही, ते मूळ कार्डावरूनच पाहावे लागते.

जुन्या क्रमांकांत एक मोठी खोच आहे. १९५४ च्या सुमारास क्रमांक दहा लाखांजवळ गेले तेव्हा कंपनीने आकडे पुढे न नेता पुन्हा खालून मोजणी सुरू केली. त्यामुळे समजा ५ लाख २० हजारांच्या घरातला क्रमांक दिसला, तर ते घड्याळ १९४७ चे असेल किंवा १९६० चे असेल. अशा वेळी दुसऱ्या साक्षीदाराला विचारल्याशिवाय गत्यंतर नाही.

दुसरा साक्षीदार : झाकणाची आतली बाजू

सुमारे १९५० ते १९७० या काळातील पुष्कळ रोलेक्स घड्याळांच्या मागच्या झाकणाच्या आत एक लहान छाप असतो. रोमन आकड्यात एक ते चार यांपैकी एक अंक आणि पुढे सालाचे दोन अंक. रोमन तीन आणि ६२ असे असेल तर ते झाकण १९६२ च्या तिसऱ्या तिमाहीत बनले. वर सांगितलेल्या ५ लाख २० हजारांच्या घड्याळाच्या झाकणात रोमन एक आणि ६० दिसले की १९४७ चा प्रश्नच मिटला.

हे झाकण घरी उघडू नये. त्याला खाचा असतात आणि त्याच मापाचे हत्यार लागते. चाकूने किंवा पक्कडीने उघडलेल्या झाकणाच्या खाचा झिजतात आणि पुढचा गिऱ्हाईक लगेच भाव पाडून मागतो. चांगल्या घड्याळजीकडून समोर बसून उघडून घ्यावे आणि आतल्या खुणांचे फोटो काढून ठेवावेत.

तिसरा साक्षीदार : मॉडेल क्रमांक

बाराच्या बाजूचा क्रमांक साल सांगत नाही, पण काळाची हद्द आखून देतो. आपल्याकडे सर्वात जास्त दिसणारे डेटजस्ट घ्या. जुनी मॉडेले चार अंकी, उदाहरणार्थ १६०१. १९७७ च्या सुमारास पाच अंकी १६०१४ सारखी मॉडेले आली. त्यांत चावी एक खटका बाहेर ओढून तारीख थेट बदलता येते. जुन्या १६०१ मध्ये त्यासाठी काटे मध्यरात्रीच्या पुढे फिरवावे लागत. १९८८ च्या सुमारास १६२३४ आले. त्यात मशीन नवे आणि काच प्लास्टिकऐवजी नीलमण्याची, म्हणजे सॅफायरची. २००० नंतर क्रमांक सहा अंकी झाले.

याचा उपयोग असा. विकणारा १६०१ मॉडेल दाखवतो, पण तारीख चावीने थेट बदलते. तर मशीन बदललेले आहे, हे झाकण न उघडताच कळले.

चौथा साक्षीदार : डायलची खालची ओळ

डायलवर सहाच्या अंकाखाली अगदी बारीक अक्षरे असतात. ती भिंगातून वाचावीत. अंधारात दिसावे म्हणून अंकांना व काट्यांना जे रसायन लावतात, त्याचा इतिहास या अक्षरांत आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभापर्यंत रेडियम वापरत. तेव्हा खाली फक्त स्विस असे लिहीत. नंतर ट्रिटियम आले आणि स्विस या शब्दाच्या दोन्ही बाजूंना टी हे अक्षर येऊ लागले. ट्रिटियम १९९८ च्या सुमारास बंद झाले. त्यानंतर थोडा काळ पुन्हा नुसते स्विस आणि पुढे स्विस मेड अशी ओळ आली.

ट्रिटियमचे तेज सुमारे बारा वर्षांत निम्मे होते. म्हणजे १९८० चे अस्सल ट्रिटियम आज अंधारात जवळजवळ दिसत नाही. विकणारा १९८० चे घड्याळ म्हणतो आणि ते रात्री हिरवे चमकते, तर डायल किंवा काटे बदललेले आहेत किंवा रसायन नव्याने भरले आहे. रेडियमची बाब आणखी गंभीर आहे. चमक गेली तरी रेडियम शिल्लकच असते, त्याचे तेज निम्मे होण्यास सुमारे १६०० वर्षे लागतात. अशी जुनी डायल खरवडू नये, तिची पूड श्वासात जाऊ देऊ नये आणि मुलांच्या हाती ती देऊ नये. ज्या डायलवर चमकणारे रसायन मुळातच नाही, तिला टी अक्षराचा नियम लावता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

डायल रंगवण्याचा धंदा मुंबईत फार जुना आहे. जुनी स्विस घड्याळे नव्याने रंगवून, भडक डायल लावून येथून इतकी बाहेर गेली की परदेशचे संग्राहक अशा मालाला मुंबई स्पेशल म्हणू लागले. हे नाव आपल्या शहराला शोभा देणारे नाही. अक्षरे फुगीर किंवा वाकडी असणे, मिनिटांच्या रेघा असमान असणे, खालची बारीक ओळ गायब असणे या त्याच्या खुणा आहेत. हौस म्हणून असे घड्याळ घालण्यास हरकत नाही, पण ते मूळ अवस्थेतले म्हणून विकणे ही फसवणूक आहे.

पाचवा साक्षीदार : चेनचे लॉक

रोलेक्सच्या लोखंडी चेनच्या लॉकच्या आतही छाप असतो. १९७६ पासून सालासाठी अक्षर घालू लागले. ए १९७६, बी १९७७ असे पुढे मोजत गेले की ई १९८० आणि जे १९८५ येते. येथे नवखा माणूस हमखास गोंधळतो. लॉकवरचे अक्षर आणि नगाच्या क्रमांकाआधीचे अक्षर या दोन वेगळ्या पद्धती आहेत. लॉकवरचा ई १९८० चा, तर क्रमांकातला ई १९९० चा. दोन्ही एकच समजून कोणी घड्याळ दहा वर्षांनी जुने सांगितले तर हिशेब पाहावा.

चेन हा सहज बदलणारा भाग आहे, म्हणून त्याची साक्ष सर्वात हलकी. पण किमतीत तिचा वाटा असतो.

हिशेब कसा जुळवावा

समजा घरात डेटजस्ट आहे. मॉडेल १६०१४. क्रमांक ८५ लाखांच्या घरात, म्हणजे १९८५ च्या आसपास. चावी एक खटका ओढून तारीख बदलते, काच प्लास्टिकची आहे. दोन्ही गोष्टी या मॉडेलला धरून आहेत. डायलखाली स्विसच्या दोन्ही बाजूंना टी आहे, रात्री चमक नाही. तेही जुळले. लॉकवर जे किंवा के आहे, म्हणजे १९८५-८६. दुकानाचे कार्ड १९८७ चे आहे. यात काहीच वावगे नाही. १९८५ च्या सुमाराचे घड्याळ, १९८७ ला विकलेले, सर्व भाग मूळचे. असा नग पूर्ण भावाचा.

आता त्याच घड्याळाबरोबर १९८३ चे कार्ड आले, तर थांबावे. घड्याळ बनून दुकानात पडून राहू शकते, पण बनण्याच्या आधी विकले जाऊ शकत नाही. तक्त्याची एक-दोन वर्षांची सवड दिली तरी कार्डावरचा क्रमांक आणि घड्याळावरचा क्रमांक अक्षर न अक्षर ताडून पाहावा.

क्रमांक कोरण्याची ढबही पाहावी. कारखान्याची रेघ बारीक आणि स्वच्छ असते, उजेडात धरली की लखलखते. नकली क्रमांक बहुधा तेजाबाने खाल्ल्यासारखा, ठिपक्याठिपक्यांचा, वाळूसारखा दिसतो. आणि क्रमांक मुद्दाम घासून टाकलेला असेल तर भाव कितीही कमी असो, तो माल घेऊ नये. चोरीच्या मालाचा क्रमांक सर्वात आधी घासला जातो.

ओमेगा आणि सिको

ओमेगाच्या जुन्या घड्याळात क्रमांक मशीनवरच असतो, म्हणजे झाकण उघडणे आले. १ कोटीचा क्रमांक १९४४ च्या आसपासचा, दीड कोटीचा १९५६ चा, २ कोटींचा १९६३ चा आणि अडीच कोटींचा १९६७ चा. केसचा मॉडेल क्रमांक झाकणाच्या आत निराळा असतो. मशीन १९५६ चे आणि केस १९६७ च्या मॉडेलची निघाली, तर दोन घड्याळांचे एक केलेले आहे. आमच्या धंद्यात एका साडीचा पदर कापून दुसरीला जोडतात, तसाच हा प्रकार.

सिकोची पद्धत सोपी, पण अर्धीच. १९७० व १९८० च्या दशकांतील सिकोच्या झाकणावरचा सहा अंकी क्रमांक पाहावा. पहिला अंक म्हणजे सालाचा शेवटचा अंक. दुसरी जागा महिन्याची. एक ते नऊ आकड्यांत, ऑक्टोबरसाठी ओ, नोव्हेंबरसाठी एन, डिसेंबरसाठी डी. क्रमांकाच्या आरंभी ७ आणि ५ असेल तर मे महिना नक्की, पण साल १९७७ की १९८७? ते मशीनच्या क्रमांकावरून ठरवायचे. ६३०९ हे मशीन १९७६ पासून १९८८ पर्यंत बनत होते. त्यामुळे त्यात १ अंकाने सुरू होणारा क्रमांक १९८१ चाच असणार, ७ वाल्याला मात्र दोन्ही साले शक्य आहेत.

सोन्याचे छाप आणि आखाती खुणा

सोन्याच्या केसवरचा सरकारी छापही साक्ष देतो. स्वित्झर्लंडमध्ये १९९५ पर्यंत १८ कॅरटसाठी स्त्रीच्या मस्तकाचा आणि १४ कॅरटसाठी खारीचा छाप असे. १९९५ पासून त्या जागी सेंट बर्नार्ड कुत्र्याच्या डोक्याचा छाप आला. म्हणजे कुत्र्याचा छाप असलेली केस १९८० ची असू शकत नाही. इंग्लंडमध्ये छाप मारलेल्या केसवर तर दर सालाचे वेगळे अक्षर असते.

आखातातून आलेल्या काही घड्याळांच्या डायलवर ओमानचा खंजीर किंवा अमिरातीचा बहिरी ससाणा असतो. संयुक्त अरब अमिराती हे राज्य २ डिसेंबर १९७१ रोजी अस्तित्वात आले. तेव्हा त्याचे चिन्ह असलेली डायल त्याआधीची नाही हे उघड आहे. अशा डायलला भाव जास्त मिळतो, आणि म्हणूनच खोट्या डायलही बनतात. दिवसाच्या खिडकीत अरबी अक्षरे असली तर घड्याळ कोणत्या बाजारासाठी बनले याचा अंदाज येतो, वयाचा नाही. ती चकती बदलताही येते.

कागदाची साक्ष किती मानावी

लाँजिन, पाटेक फिलिप यांसारख्या जुन्या कंपन्यांच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत आणि त्यांवरून उतारा देण्याची पद्धत आहे. असा उतारा मोलाचा असतो. परंतु तो क्रमांकाची साक्ष देतो, तुमच्या हातातल्या प्रत्येक भागाची नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात ओमेगाचे एक जुने स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेले. २०२३ मध्ये ओमेगानेच जाहीर केले की ते घड्याळ बहुतांशी अस्सल, पण निरनिराळ्या सुट्या भागांतून जुळवलेले होते आणि त्यात कंपनीच्या माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. जेथे जाणकारांची फौज होती तेथे असे घडले, तर आपण केवळ कार्ड पाहून लाखोंचा सौदा करणे किती धोक्याचे आहे!

विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने

विकणाऱ्याने प्रथम घड्याळ पॉलिश करून घेऊ नये. पॉलिशने कानांच्या धारा जातात, सोन्याचे छाप पुसतात आणि साक्षीदारच मुके होतात. जुनी पेटी, बिल, कार्ड, दुरुस्तीच्या पावत्या, चेनच्या काढलेल्या कड्या सर्व एकत्र ठेवावे. दुरुस्तीला दिल्यास बदललेले जुने भाग परत मागून घ्यावेत. निदान दोन जाणकारांकडून वय व किंमत लिहून घ्यावी. विशेषतः घड्याळ वारसाहक्काचे असेल तर हा कागद सर्व भावंडांसमोर ठेवावा, म्हणजे पुढे कोणाच्या मनात किंतू राहत नाही.

घेणाऱ्याने विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा : यात कोणता भाग केव्हा बदलला? उत्तर बिलावर लिहून घ्यावे. क्रमांक, मॉडेल, अंदाजे साल आणि बदललेले भाग एवढ्या चार गोष्टी बिलावर आल्या की निम्मे भांडण संपते. एवढी तपासणी जमत नसेल त्याने हमी देणाऱ्या दुकानाकडे जावे. रोलेक्सने डिसेंबर २०२२ पासून काही अधिकृत दुकानांतून तपासलेली जुनी घड्याळे दोन वर्षांच्या हमीने विकण्याची सोय सुरू केली आहे. तेथे भाव चढा असतो, पण तो त्या तपासणीचा असतो.

भाग बदललेला असणे हा ऐब नाही. चाळीस वर्षे वापरलेल्या यंत्राला दुरुस्ती लागणारच. बदललेला भाग लपवणे हा ऐब आहे. ज्याने सांगून विकले त्याला दोन पैसे कमी मिळतील, पण गिऱ्हाईक पुन्हा त्याच्याच दारी येईल.